नवं सील, जुनी खाच: एका ०४१ चेनसॉचं प्रकरण

काकांनी करवत टेबलावर ठेवली ती जरा आपटूनच. "पिस्टन नवा, सील नवीन, कार्बुरेटरचं किट नवीन. तरी दुसऱ्या टाकीला परत जॅम! आता तूच सांग, हिच्यात नवीन घालायचं काय उरलंय?"

प्रश्न रास्त होता. एवढं सगळं बदलूनही इंजिन मरतं तेव्हा शक्यता दोनच. एक तर घातलेलं सामान निकृष्ट असतं, नाहीतर पहिलं इंजिन ज्या कारणाने गेलं ते कारण अजून आतच ठाण मांडून बसलेलं असतं. इथे दुसरी शक्यता खरी निघाली. मी मात्र आधी पहिलीच्याच मागे लागलो आणि त्यात तीन आठवडे घालवले. तेही लिहितोय, कारण शिकण्यासारखं तिथेच जास्त आहे.

यंत्र म्हणजे श्टिल या जर्मन कंपनीची ०४१ एव्ही. बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ४४ मिमी, स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, ४० मिमी, म्हणजे ६१ सीसीच्या आसपास. 'एव्ही' म्हणजे हँडल आणि इंजिन यांच्यामध्ये रबरी बफर बसवलेले, हाताला कंप कमी जाणवावा म्हणून. क्रँककेस, म्हणजे पिस्टनखालचा बंद कप्पा, मॅग्नेशियमची, सिलिंडर अॅल्युमिनियमचा आणि त्याला आतून क्रोमचा थर. इग्निशन जुन्या पद्धतीचं, फ्लायव्हीलच्या पोटात ठिणगीची वेळ ठरवणारे कॉन्टॅक्ट पॉइंट आणि कंडेन्सर. चेनब्रेक, म्हणजे साखळी झटक्यात थांबवणारा ब्रेक, नाही. करवतीचं वय पन्नाशीच्या आसपास, पण काकांचा हात राखून वापरणाऱ्याचा. घाणीचे थर नाहीत, स्क्रूंची डोकी शाबूत. असं यंत्र पुन्हा पुन्हा जॅम होतं तेव्हा हयगयीकडे बोट दाखवून मोकळं होता येत नाही.

आधीची हकीकत अशी. वर्षानुवर्षं करवत नीट चालली. मग एका हंगामात तिला एक खोड लागली: ट्रिगर सोडला तरी वेग लगेच उतरायचा नाही, थोडा वेळ वरच रेंगाळायचा आणि मग खाली यायचा. काकांनी आयडलचा स्क्रू थोडा सैल करून वेळ मारून नेली. महिनाभरात एक मोठा ओंडका कापताना ती भर वेगात बंद पडली. दोरी ओढली तर ओढेना. एका दुरुस्ती करणाऱ्याने ती उघडली, सिलिंडर साफ केला, बाजारात मिळणारा पर्यायी पिस्टन घातला, क्रँकचा शाफ्ट दोन्ही बाजूंना क्रँककेसबाहेर पडतो तिथे हवा अडवणारी दोन्ही रबरी सील बदलली, कार्बुरेटरला नवे डायफ्रॅम टाकले. पहिली टाकी सुरेख गेली. दुसरी संपता संपता तोच रेंगाळणारा वेग, आणि पुन्हा जॅम.

वेग रेंगाळत होता हे काकांनी जाता जाता सांगितलं, मीही जाता जाता ऐकलं. खरं तर निदान तिथेच झालं होतं.

पहिलं काम म्हणजे सायलेन्सर काढून एक्झॉस्टच्या भोकातून पिस्टन बघणं. दोन-तीन स्क्रूंचं काम, पण पिस्टन बरंच बोलतो. एक्झॉस्टच्या बाजूलाच उभे ओरखडे असतील तर बहुधा इंधन कमी आणि हवा जास्त, म्हणजे मिश्रण पातळ. पेट्रोलमध्ये ऑइलच घालायचं राहिलं असेल तर ओरखडे चारी बाजूंना सारखे उमटतात. इनटेकच्या बाजूला बारीक, मळकट झीज असेल तर फिल्टरमधून धूळ आत गेली. काकांच्या पिस्टनवर एक्झॉस्टच्या बाजूला दोन बोटं रुंदीचा चंदेरी, फाटल्यासारखा पट्टा होता. बाकी पिस्टनवर कारखान्यातल्या लेथच्या रेषासुद्धा जशाच्या तशा. म्हणजे मिश्रण पातळ.

टू-स्ट्रोक इंजिनात मिश्रण पातळ होणं दुहेरी मार असतो. पेट्रोल कमी म्हणजे आग जास्त तापते, आणि ऑइल पेट्रोलमधूनच येत असल्यामुळे वंगणही तेवढंच घटतं. पिस्टन फुगतो आणि त्याच वेळी कोरडा पडतो. एक्झॉस्टची बाजू सगळ्यात गरम, म्हणून तीच आधी चिकटते.

पेट्रोल कमी का पडतंय? माझं उत्तर तयारच होतं: कार्बुरेटर. बाजारातली किट निकृष्ट असतात, डायफ्रॅम कडक असतो, सुईच्या खालच्या लिव्हरची उंची कोणी बघत नाही, वगैरे वगैरे. माझ्याकडे अशा गोष्टींची यादी कायम तोंडपाठ असते, आणि यादी तोंडपाठ असणाऱ्या माणसाला दुसरं काही सुचत नाही. त्याच संध्याकाळी मी सिलिंडर उतरवला, कार्बुरेटर उघडला आणि सगळे भाग ट्रेमध्ये मांडून ठेवले.

ही घोडचूक होती. कुठून तरी जादा हवा आत शिरली तरी मिश्रण पातळच होतं, म्हणून जॅम झालेलं इंजिन उघडण्याआधी त्याची हवाबंदी तपासायची असते. पिस्टन खरचटलेला असला, कॉम्प्रेशन गेलेलं असलं, तरी क्रँककेसच्या जोडण्या, गास्केट आणि सील मरताना होते त्याच अवस्थेत असतात. सिलिंडर उतरवला की खालचं गास्केट फाटतं, इनटेकची जोडणी सुटते, आणि गळती कुठे होती याचा पुरावा तुम्ही स्वतःच्या हाताने पुसून टाकता. पंचनाम्याआधी घर झाडून घेतल्यासारखं.

कार्बुरेटर निर्दोष निघाला. टिलॉटसनचा डायफ्रॅम कार्बुरेटर, सुई घट्ट बसत होती, लिव्हर पातळीत, मुख्य डायफ्रॅम मऊ. ज्याने काम केलं होतं त्याने नीट केलं होतं. तरी मी हट्टाने आणखी एक किट मागवलं, वाट बघितली, घातलं. तीन आठवडे गेले ते असे.

मग मुकाट्याने तोच खरचटलेला सिलिंडर आणि पिस्टन नव्या गास्केटवर पुन्हा बसवला, निव्वळ चाचणीसाठी. एक्झॉस्ट आणि इनटेकच्या तोंडांवर जुन्या ट्यूबच्या रबराचे तुकडे दाबून बसवले, पिस्टन तळाला आणला आणि प्लगच्या भोकातून हातपंप जोडला. अर्धा बार दाब भरला. काटा जागचा हलेना. पाच मिनिटं झाली, दहा झाली. साबणाचं पाणी फासलं, एक बुडबुडा नाही.

इथे कोणीही म्हणेल, हवाबंद आहे. आधीच्या दुरुस्तीवाल्यानेही कदाचित एवढंच करून हात धुतले असतील. पण क्रँककेसमध्ये नुसता दाब नसतो. पिस्टन वर जातो तेव्हा तिथे पोकळी तयार होते, खाली येतो तेव्हा दाब. मिनिटाला नऊ हजार फेरे धरले तर सेकंदाला दीडशे वेळा ओढ आणि दीडशे वेळा दाब. ऑइल सीलचा ओठ आतल्या बाजूला तोंड करून बसलेला असतो. आतून दाब आला की तोच दाब ओठाला शाफ्टवर आवळून धरतो. म्हणजे दाबाच्या चाचणीत अशक्त सीलसुद्धा शहाण्यासारखं वागतं. पोकळी तयार केली की बाहेरची हवा त्याच ओठाला उचलू बघते.

पंप उलटा करून अर्धा बार पोकळी ओढली. काटा सात-आठ सेकंदांत शून्यावर.

कोणत्या बाजूने? क्लचकडच्या सीलवर ऑइलचे दोन थेंब सोडले, ते तिथेच राहिले. फ्लायव्हील काढलेल्या बाजूला सोडले, तर थेंब शाफ्टच्या कडेने असा आत गेला की कोणीतरी नळीने ओढून घेतल्यासारखा. मग पुन्हा दाब भरला आणि या वेळी शाफ्ट हाताने हळूहळू फिरवला. एका ठराविक जागी काटा किंचित उतरला. शाफ्ट स्थिर ठेवून घेतलेली चाचणी अर्धीच असते, हे मला तेव्हा नव्याने कळलं असं नाही, पण आता विसरणार नाही.

त्याच क्षणी आणखी एक गोष्ट डोक्यात लख्ख झाली. फ्लायव्हील काढताना पॉइंटच्या झाकणाखाली ऑइलचा पातळ, चिकट थर दिसला होता. "जुनं यंत्र आहे, असायचंच," म्हणून मी तो फडक्याने पुसून टाकला होता. ती जागा कोरडीच असायला हवी. तिथे ऑइल येतं ते क्रँककेसमधूनच.

आता कोडं उरलं ते असं की सील नवीन होतं. मी ते उपसून भिंगाखाली धरलं. रबर मऊ, ओठ धारदार, मागची स्प्रिंग जागेवर. सीलमध्ये दोष नव्हताच.

दोष शाफ्टवर होता. सीलचा ओठ जिथे टेकतो तिथे शाफ्टभोवती एक चमकदार रेघ होती. अशी रेघ प्रत्येक जुन्या शाफ्टवर असते. पण नख आडवं ओढलं तर नख अडकत होतं. पन्नास वर्षांत मूळ सीलचं रबर कडक होत गेलं असणार. फ्लायव्हीलच्या पंख्याकडून येणारा बारीक भुसा आणि धूळ त्या ओठाखाली बसली आणि ओठाने शाफ्टला सहाणेसारखं घासलं. खाच पडली. वेग रेंगाळायला लागला तो तेव्हा. पुढे दुरुस्ती करणाऱ्याने जुनं सील काढलं आणि नवं बरोब्बर त्याच खोलीवर बसवलं, पुस्तकात सांगितल्याप्रमाणे. नव्या सीलचा ओठ जुन्या खाचेत जाऊन बसला. थंड असताना, नवा असताना त्याने तग धरला; इंजिन तापलं आणि थोडं घासलं गेलं तसा तो सुटला.

काकांना फोन केला. "सील नवीनच होतं काका, पण ज्या जागेवर बसतं तीच झिजलीये."

"म्हणजे दाराला नवी कडी लावली आणि चौकट किडकी?"

अगदी तसंच.

खाचेवर तीन इलाज आहेत. शाफ्ट बदलायचा, म्हणजे दुसरी करवत मोडायची. शाफ्टवर पातळ बाही चढवायची, पण इतक्या बारीक व्यासात आणि एवढ्या कमी जागेत ते नाजूक काम आहे. तिसरा इलाज सगळ्यात साधा: सीलचा ओठ खाचेवर न टेकता जरा बाजूला, कोऱ्या धातूवर टेकेल असं बघायचं. सीलच्या घरात एक-सव्वा मिलिमीटर वाव होता. मूळच्याच आतल्या आणि बाहेरच्या व्यासाचं पण जाडीला थोडं कमी असं सील मिळालं तर ओठ खाचेच्या पलीकडे नेता येत होता.

इथे सुटे भाग शोधण्याबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण जुनी यंत्रं जमवणाऱ्यांचा निम्मा वेळ याच्यातच जातो.

ऑइल सील आणि बेअरिंग या गोष्टी करवतीच्या दुकानात शोधायच्या नसतात. त्या मापाने मिळतात. शाफ्टचा व्यास, घराचा व्यास आणि जाडी, हे तीन आकडे व्हर्नियरने घेतले की बेअरिंग-सील विकणारा कोणीही ते देऊ शकतो. त्याला ते करवतीचं आहे की पंपाचं याच्याशी देणंघेणं नसतं. बेअरिंगवर तर नंबरच कोरलेला असतो. ६२०२ म्हटलं की १५ मिमी आतून, ३५ बाहेरून, ११ जाडी, मग ते जगात कुठेही घ्या. सीलचं रबर मात्र विचारून घ्यायचं, पेट्रोल आणि उष्णता दोन्ही सहन करणारं. आणि ओठ एक आहे की धूळ अडवणारा दुसराही आहे, तेही बघायचं.

श्टिलच्या बाबतीत पार्ट नंबरच पुष्कळ काही सांगून जातो. अकरा आकडी नंबरातले पहिले चार आकडे यंत्राचं घराणं सांगतात. ०४१ चं घराणं १११०. नऊने सुरू होणारे नंबर म्हणजे प्रमाणित सामान: स्क्रू, बेअरिंग, सील. ९६४० दिसलं की ते ऑइल सील, ९५०३ दिसलं की बॉल बेअरिंग. शून्यांनी सुरू होणारे भाग अनेक यंत्रांना समाईक असतात. भाग ज्या यंत्रासाठी पहिल्यांदा बनला त्याचंच घराणं तो पुढे मिरवत राहतो. याचं गमतीशीर उदाहरण म्हणजे १११० ४०० ७००५ हा स्पार्क प्लग. कितीतरी पुढच्या पिढ्यांच्या करवतींमध्ये तो चालत आला, पण नंबराच्या कपाळावर ०४१ चंच गोंदण. म्हणून "०४१ चे भाग मिळत नाहीत" हे ऐकलं की मी आधी नंबर विचारतो. जे खरोखर फक्त १११० चं आहे तेच दुर्मीळ. बाकीचं दुसऱ्या नावाखाली पडून असू शकतं.

ही सोय सगळ्यांच्या नशिबी नाही. कंपनीच बुडाली किंवा विकली गेली की नंबरांच्या याद्या पोरक्या होतात. मॅककुलॉक या अमेरिकी करवत कंपनीचंच घ्या. १९४९ साली त्यांनी ३-२५ नावाची एकट्या माणसाने चालवायची, २५ पौंडांची करवत आणली आणि ती खूप गाजली. मालक रॉबर्ट मॅककुलॉक यांनी १९६८ साली चक्क लंडन ब्रिज विकत घेतला, एकेका दगडावर नंबर घालून तो अॅरिझोनात लेक हवासू सिटीत नेला आणि १९७१ साली तो तिथे खुला झाला. पूल नंबरांबरहुकूम पुन्हा उभा राहिला; कंपनीने १९९९ साली दिवाळं काढलं. तिच्या पिवळ्या करवतींच्या पार्ट नंबरांचा माग आज लोक वह्यांमध्ये आणि जुन्या पुस्तिकांमध्ये काढत बसतात.

आता पिस्टन आणि सिलिंडर. इथे माप घेऊन कुठूनही आणा हा हिशेब चालत नाही. ०४१ सुपर हे नाव सारखं असलं तरी त्याचं बोअर ४८ मिमी. तिचा पिस्टन आपल्या कामाचा नाही. पर्यायी पिस्टन घ्यायचा तर पिनच्या मध्यापासून माथ्यापर्यंतची उंची, पिनचा व्यास आणि रिंगच्या खाचेतल्या बारीक खुंटीची जागा, हे तिन्ही जुळलंच पाहिजे. रिंगची दोन टोकं त्या खुंटीपाशी भेटतात. ती जागा चुकून एखाद्या पोर्टसमोर, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतल्या भोकासमोर, आली तर टोक पोर्टमध्ये उघडतं आणि पहिल्याच झटक्यात मोडतं. शिवाय पर्यायी पिस्टनसोबत येणाऱ्या पिनच्या सर्क्लिप, म्हणजे पिन जागेवर धरणाऱ्या तारेच्या कड्या, मी सरळ फेकून देतो. त्यातली एक सुटली तर सिलिंडरला उभी चर पडते, आणि त्या चरीवर औषध नाही.

मी एक मोडकी ०४१ मिळवली. एखादं जड लाकूड अंगावर पडून तिची क्रँककेस तडकली होती, हँडल वाकलं होतं, म्हणून कोणी विचारत नव्हतं. एक्झॉस्टच्या भोकातून बॅटरी मारली तर आत मूळ पिस्टन, लेथच्या रेषांसकट. जमवणाऱ्यांना सुंदर रंगाची, स्वच्छ करवत भुरळ घालते. दुरुस्ती करणाऱ्याने कवच फुटलेली पण आतून धडधाकट अशी शोधावी. तिच्यासाठी भांडायला कोणी येत नाही.

या दात्या करवतीचा, म्हणजे जिचे भाग काढून घ्यायचे त्या मोडक्या ०४१ चा, क्लच काढताना प्लगच्या भोकातून दोरी आत सोडून पिस्टन अडवला. पिस्टन वर येऊन एक्झॉस्टचं भोक झाकून पुढे गेल्यावरच दोरी सोडायची, नाहीतर ती भोकाच्या काठावर चिरडते आणि तुकडा आत राहतो. क्लचचे आटे उलटे, घड्याळाच्या दिशेने फिरवला की सुटतो. हे माहीत नसलेल्यांनी घट्ट करून करून फोडलेले क्लच मी पाहिले आहेत. फ्लायव्हील पुलरनेच काढलं. हातोडीने निघतं हे खरं, पण सोबत क्रँकही वाकवून निघतं. मॅग्नेशियममध्ये जखडलेले लोखंडी स्क्रू हिसके देणाऱ्या इम्पॅक्ट ड्रायव्हरने सोडवले. तिथे ज्योत लावायची नाही. मॅग्नेशियमचा कीस पेटला की पाण्याने विझत नाही, उलट भडकतो. साफसफाईला व्हिनेगरही नाही, आम्ल मॅग्नेशियमला खातं.

दात्याचा सिलिंडर चांगला होता, पण काकांचा मूळ सिलिंडर वाचतोय का ते बघायची मला उत्सुकता होती. पिस्टनचं अॅल्युमिनियम त्याच्या भिंतीला चिकटलं होतं. सिलिंडर वेगळा करून, हातमोजे-चष्मा घालून, कापसाच्या बोळ्याने कॉस्टिक सोड्याचं पाणी फक्त त्या पट्ट्यावर लावलं. कॉस्टिक अॅल्युमिनियम खातं, क्रोमला हात लावत नाही. लावल्याबरोबर फसफसायला लागलं, काळपट फेस आला. पुसलं, धुतलं, पुन्हा लावलं. चिकटलेलं अॅल्युमिनियम संपलं की फसफस थांबायला हवी. ती जवळजवळ सगळीकडे थांबली, पण एक्झॉस्टच्या भोकाच्या वर ज्वारीच्या दाण्याएवढ्या एका जागी थांबेना. म्हणजे तिथे क्रोम उडालेलं आणि कॉस्टिक खुद्द सिलिंडर खायला लागलेलं. लगेच भरपूर पाण्याने धुऊन काढलं. काही लोक यासाठी हायड्रोक्लोरिक आम्ल वापरतात. ते क्रोमलाही खातं, म्हणून क्रोमच्या सिलिंडरला मी ते लावत नाही.

त्या एका दाण्याने निर्णय झाला. दात्याचा सिलिंडर आणि पिस्टन जोडीनेच घेतले, रिंग तेवढ्या नव्या.

जोडणीत सगळ्यात जास्त वेळ सीलने घेतला. खाच कुठे संपते ते मार्करने शाफ्टवर खूण करून घेतलं. शाफ्टवर आट्यांच्या आणि चावीच्या खाचेच्या धारदार कडा असतात, त्यावरून सील सरकवलं की ओठ कापला जातो आणि नवं सील बसण्याआधीच मरतं. म्हणून जाड प्लास्टिकच्या पिशवीची पट्टी शाफ्टभोवती शंकूसारखी गुंडाळली, ओठाला ऑइल लावलं आणि नळीच्या तुकड्याने चारी बाजूंनी सारखं दाबत आत नेलं. खूण दिसेनाशी होण्याआधी थांबलो, म्हणजे ओठ कोऱ्या धातूवर.

पुन्हा चाचणी. दाब, शाफ्ट फिरवत. स्थिर. पोकळी, शाफ्ट फिरवत. काटा अर्ध्या बारवर, पंधरा मिनिटांनी केसभर खाली. एवढं चालतं.

बाकीचं पटापट झालं. पिस्टनच्या माथ्यावरचा बाण एक्झॉस्टकडे. माथा आणि सिलिंडरचं डोकं यातली फट सोल्डरची तार चिरडून मोजली, ०.७ मिमी आली. पॉइंट बारीक कानशीने समतल केले, कोरा कागद मध्ये धरून ओढला, अंतर ०.४ मिमी ठेवलं. हे अंतर वाढवलं तर पॉइंट आधी उघडतात आणि ठिणगीही आधी पडते, त्यामुळे हे नुसतं अंतर नाही, टायमिंगही आहे. इंधनाची नळी इथेनॉलने फुगून पोळीसारखी मऊ झाली होती, ती बदलली. साखळीचं चाकही झिजलं होतं. झिजलेल्या चाकावर नवी साखळी घातली तर साखळीच खराब होते, म्हणून दोन्ही एकदमच बदलले. पिच मोजायला लागोपाठच्या तीन रिव्हेटमधलं अंतर घ्यायचं आणि निम्मं करायचं. इथे ३/८ इंच.

कार्बुरेटर मुद्दाम जाड मिश्रणावर ठेवून सुरू केला. पाचव्या झटक्याला इंजिन लागलं, निळसर धूर, आणि पूर्ण वेगात तो बोबडा, अडखळता आवाज आला जो जाड मिश्रणाची खूण असतो. लाकडात टेकवलं की आवाज स्वच्छ व्हावा आणि उचललं की पुन्हा बोबडा व्हावा, तिथे स्क्रू थांबवला. मग खरी परीक्षा. इंजिन तापल्यावर, आयडलवर चालू असताना करवत डावीकडे कलती केली, उजवीकडे केली, नाक खाली केलं. वेगात फरक नाही. ट्रिगर दाबून सोडला. वेग दगडासारखा खाली आला.

काका आले तेव्हा मी त्यांना तीन टाक्या माझ्यासमोर चालवायला लावल्या, दर टाकीनंतर सायलेन्सर काढून बॅटरीने आत बघितलं. तिसऱ्या टाकीनंतरही एक्झॉस्टच्या बाजूला रेषा जागच्या जागी.

"मग आता नेऊ ना कामाला?" काकांनी विचारलं.

इथे आमचं थोडं वाजलं. या करवतीला चेनब्रेक नाही. साखळी जिच्यावर फिरते त्या पट्टीच्या नाकाचा वरचा कोपरा लाकडाला लागला की पट्टी उसळून थेट तोंडाकडे येते, आणि थांबवायला फक्त तुमचे हात असतात. हुस्क्वार्ना या स्वीडिश कंपनीने १९७३ साली आपोआप लागणारा चेनब्रेक आणला. ही करवत त्या आधीच्या विचारांची आहे. काका म्हणाले, "अरे, हिच्यावर उभं आयुष्य काढलं, बोटाला धक्का नाही." मी म्हटलं, "तेव्हा तुमचं मनगट तिशीतलं होतं काका." त्यांनी उत्तर दिलं नाही. शेवटी असं ठरलं की तयार ओंडके जमिनीवर ठेवून कापायला ही, बाकी उभ्या कामाला घरात ब्रेकवाली दुसरी करवत आहे ती.

मागचा डावा रबरी बफर मात्र चिरलेलाच आहे. दात्या करवतीचा तर पार तुटलेला होता. तो १११० चाच, दुसऱ्या कुठल्या घराण्यात बसत नाही असं आतापर्यंत तरी दिसतंय. तूर्त चीर पसरू नये म्हणून काकांना पट्टी लाकडात अडकली तर हँडल पिळून सोडवायची नाही असं बजावलंय. दात्याचं उरलेलं धूड बाकाखाली आहे, त्याच्या क्रँकवर फ्लायव्हीलच्या बाजूला नख ओढून बघितलं. तिथेही अडकतंय.